डोन्ट बिलीव्ह

गुरुवार, रात्री पावणेअकरा

वेलनेस वीकच्या 'रोज दहा हजार पावलं' स्पर्धेत तिसरी आले. अर्धी पावलं कांजूरमार्गच्या पुलावरची, पण मोबाइलला काय कळतंय! बक्षीस पाण्याची बाटली. घरात आता अशा चार झाल्या.

लिहायचं होतं ते वेगळंच. दुपारी पवईच्या ऑफिसात 'सर्वसमावेशकता' या विषयावर कार्यक्रम होता. फुगे, केक, एचआरची धावपळ. आमच्या टीममधल्या टेस्टरला बोलायला बसवलं होतं. तिला फार कमी ऐकू येतं. ओठ वाचते, मीटिंगमध्ये लॅपटॉपवर कॅप्शन, म्हणजे बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारी सोय, लावून बसते. सूत्रसंचालकाला तिच्याकडून काहीतरी प्रेरणादायी हवं होतं. तिनं माइक घेतला आणि म्हणाली, "एका वेळी एकानंच बोला. अजेंडा आधी लिहून पाठवा. आणि बोलताना तोंडापुढे कप धरू नका." संपलं. टाळ्या पडायला जरा वेळच लागला.

कपवाली मी.

आठ महिने ती माझ्या समोर बसते. ऑफिसच्या प्रश्नमंजूषेत मला दहापैकी दहा. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ चे २१ केले, खासगी कंपनीलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं, सगळं पाठ. आणि चहा पीत पीत बोलायची सवय काही सुटली नाही.

नंतर तिनं तिची कॅप्शन्स दाखवली. भाषा इंग्रजीवर लावलेली. आम्ही काम इंग्रजीत बोलतो, चिडतो हिंदीत आणि खरं काय ते मराठीत. मी रोज डोंबिवलीची गाडी रखडल्याचं रडगाणं लावते, त्याचं स्क्रीनवर व्हायचं 'डोन्ट बिलीव्ह'. तिला बरेच दिवस वाटत होतं, मी क्लायंटबद्दलच बोलतेय! दोघी पोट धरून हसलो.

सगळे हसले की ती क्षणभर उशिरा हसते. हे मला दिसायचं. मी समजायचे, मुलगी जरा शिष्ट आहे.

लिफ्टशेजारी समुपदेशनाच्या हेल्पलाइनचं पोस्टर आहे. सोय चांगलीच, पण फोन करायचा कुठून? ऑफिस काचेचं, घरी हॉलमध्ये सासूबाई, लोकलमध्ये अख्खा लेडीज डबा कान देऊन. सरकारची टेलिमानस आहे, १४४१६, तिथे लावायचा तरी प्रश्न हाच. सध्या बाराव्या मजल्याचा जिना हीच रडायची जागा.

कंपनीची एक गोष्ट मात्र मनापासून मानते, पाळणाघर. ५० किंवा जास्त माणसं कामाला असली की ते ठेवावंच लागतं, २०१७ च्या कायदादुरुस्तीपासून. उपकार नव्हेत. तरी २६ आठवड्यांची रजा संपल्यावर मी राजीनामा दिला नाही तो त्या खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांमुळे. तिथे कुणी फुगे लावत नाही. दुपारी जाऊन लेकीला बघून यायचं, बस.

उद्याच्या साडेदहाच्या मीटिंगचा अजेंडा आत्ताच पाठवला. पाच ओळी. टाइप करायला सहा मिनिटं लागली असतील.

तिचं लगेच उत्तर आलं : 'आणि कप?'