तुम्ही विचारलंत म्हणून: तिसाक एक कमी

"सीझनमध्ये मुलीचा अभ्यास कधी घेता हो?" आंबे न्यायला आलेलं एखादं तरी गिऱ्हाईक दर वर्षी विचारतंच. खरं उत्तर, घेत नाही. मार्च ते मे आम्ही देवगडकडची माणसं झोपतो कधी तेच सांगता येत नाही. एकदा वेळापत्रक केलं होतं, रोज साडेसात ते आठ. तिसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या पाठीवर मजुरी मांडली.

मुलगी पहिलीत. सकाळची शाळा सुटली की पडवीत येऊन बसते. आमची पाच डझनी पेटी म्हणजे खाली पेंढा, वर तीस फळं, पुन्हा पेंढा, पुन्हा तीस. थर मोजायचं काम तिचं. एकोणतीस की एकोणचाळीस, हा तिचा कायमचा घोळ. एकदा भरलेल्या थरातलं एक डागी फळ मी काढलं, तर म्हणाली, "आये, आता तिसाक एक कमी."

"त्याकाच एकोणतीस म्हणतत गो. एक उणा, म्हणान एकोण."

ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. "मगे चाळीसाक एक कमी म्हणजे एकोणचाळीस?" झालं! संध्याकाळभर आंबे काढ आणि ठेव.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसला 'वीस सात' आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता. मला ते वाईट वाटत नाही, अडलेल्या पोराला सोपंच. पण एकोणतीसला आंब्याएवढा पुरावा हातात असताना तो जुना शब्द सोडावासा वाटत नाही.

त्या संध्याकाळी चार पेट्या कमी भरल्या, नवरा बोललाच. म्हणजे वेळ मिळत नाही, काम तेवढं मागे पडू द्यावं लागतं. आणि रोज नाही हं जमत. दारात टेम्पो उभा असला की मीही "गप रव गो" म्हणून ओरडते.

वाचन मात्र आंब्यात होत नाही. ते सासऱ्यांकडे. रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरातली उद्याची तिथी तिच्याकडून वाचून घेतात, मग भरतीची वेळ सांगतात. तिथीची पाऊणपट, हा जुना हिशेब. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. पाऊणपट तिला कळत नाही, पण 'चतुर्थी'तला रफार तिथेच कळला. काल 'षष्ठी'वर अडली. आज साडेचारची भरती येऊन ओसरलीसुद्धा, षष्ठी अजून वाचून व्हायची आहे.