अंपायरच्या जर्सीचा रंग

इकडे अमेरिकेत आमची क्लीव्हलँडची बेसबॉल टीम हरली की आमच्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. १९ ऑक्टोबर २०२४ ची रात्र तशीच. न्यूयॉर्क यांकीजशी पाचवा सामना, रन दोन-दोन असे बरोबरीत, दहावी इनिंग. एकदम दोघांना बाद करणारा, हाताशी आलेला डबल प्ले आमच्या रोकिओच्या ग्लोव्हमधून चेंडू निसटल्यामुळे गेला आणि मग त्यांचा ह्वान सोटो बॅट घेऊन उभा राहिला. आमचा पिचर गॅडिस जीव तोडून टाकतोय आणि हा पठ्ठ्या एकामागून एक चेंडू रेषेबाहेर, फाऊल करून घालवतोय. घाई कसली ती नाहीच. शेवटी एक फास्टबॉल मिळाला तो त्यानं सेंटर फील्डच्या भिंतीपलीकडे धाडला. पाच-दोन. यांकीज २००९ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम लढतीला निघाले. आमची शेवटची ट्रॉफी १९४८ ची.

रविवारी तोंड पाडून टपाली मतपत्रिका भरायला बसलो. वर राष्ट्राध्यक्ष, मग सिनेटर आणि खाली ओहायोच्या सुप्रीम कोर्टाच्या तीन जागा. आमच्या राज्यात न्यायमूर्ती निवडून द्यावे लागतात, तेही सहा-सहा वर्षांसाठी. १८५१ च्या राज्यघटनेपासूनची रीत आहे ही. बाबा सातारच्या जिल्हा कोर्टातून नाझर म्हणून रिटायर झालेले. फोनवर त्यांना हे सांगितलं.

"म्हणजे न्यायाधीश मतं मागत फिरतो?"

"फिरतो बाबा. टीव्हीवर जाहिराती असतात."

"आणि त्याच्यापुढं उभा राहणाऱ्या वकिलानंच देणगी दिली तर?"

"देतात की."

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "आमचे साहेब वकिलांच्या बार रूममध्ये चहाला पण जायचे नाहीत रे."

पूर्वी निदान नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर या उमेदवारांच्या नावापुढे पक्ष छापत नसत. प्राथमिक फेरी पक्षाची, पण अंतिम फेरीत नुसतं नाव. २०२१ साली कायदा बदलला. आता सुप्रीम कोर्ट आणि अपील कोर्टाच्या उमेदवारांपुढे पक्ष ठळक छापलेला असतो. मतदाराला माहिती मिळाली हे खरंच. पण अंपायरला मैदानात आणताना आधी टीमची जर्सी घालून आणायचं, हे मला तरी झेपत नाही.

अंपायर शब्द माझा नाही. अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनीच २००५ मध्ये नेमणुकीच्या सुनावणीत सिनेटसमोर सांगितलं होतं की न्यायाधीश अंपायरसारखा. "माझं काम बॉल आणि स्ट्राइक सांगण्याचं, खेळण्याचं नव्हे." ऐकायला छान. पण ज्यानं जन्म बेसबॉल बघण्यात घालवलाय त्याला विचारा. बॅटरसमोरची प्लेट सतरा इंच रुंद, तिच्यावरून योग्य उंचीनं गेला तो स्ट्राइक, नाही तर बॉल, हे पुस्तकात. प्रत्यक्षात एक अंपायर गुडघ्याखालचा चेंडू स्ट्राइक देतो, दुसरा बाहेरचा. प्रेक्षकाची त्यालाही हरकत नसते. पंक्तिप्रपंच नको, एवढंच.

तो २०१६ साली झाला. फेब्रुवारीत देशाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती स्केलिया गेले, मार्चमध्ये डेमोक्रॅट ओबामांनी त्या जागी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं आणि मंजुरी देणाऱ्या रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटनं सुनावणीच घेतली नाही. निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांना ठरवू द्या, हे कारण. २९३ दिवस नाव तसंच पडून राहिलं. २०२० मध्ये न्यायमूर्ती गिन्सबर्ग १८ सप्टेंबरला गेल्या आणि २६ ऑक्टोबरला त्यांच्या जागी रिपब्लिकन ट्रम्प यांनी सुचवलेल्या बॅरेट मंजूरसुद्धा झाल्या, निवडणूक आठ दिवसांवर असताना! २०१६ च्याच नोव्हेंबरात आम्ही शिकागोकडून वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना हरलो. पावसानं सतरा मिनिटं खेळ थांबला, दहाव्या इनिंगमध्ये आठ-सात. फार लागलं. पण पावसानंतर आमची बॅटिंग झाली होती, एक रनही आला होता. गार्लंडना कुणी बॅटच हातात घेऊ दिली नाही.

मला आवडतात ते देशाच्या सुप्रीम कोर्टातले आमच्या ओहायोचे न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट. सिनसिनाटी रेड्स या बेसबॉल टीमचे पक्के भक्त. १० ऑक्टोबर १९७३ ला कोर्टात सुनावणी चालू आणि तिकडे रेड्सचा मेट्सशी निर्णायक सामना. क्लार्क मंडळी त्यांना बेंचवर चिठ्ठ्या पाठवत होती. एका चिठ्ठीत होतं: क्रेनपूल राइट फील्डला झेलबाद, अ‍ॅग्न्यूंचा राजीनामा. उपराष्ट्राध्यक्ष गेले, ते झेलानंतर! रेड्स त्या दिवशी सात-दोन हरले. स्टुअर्टना नेमलं होतं आयझेनहॉवरनी, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षानं. पण त्यांचं मत कुठल्या बाजूला पडेल ते कोर्टात कुणी छातीठोक सांगू शकत नसे. त्यांची टीम मात्र सगळ्यांना ठाऊक.

इकडे ओहायोच्या कोर्टात २०२४ मध्ये तीनही जागा रिपब्लिकनांनी घेतल्या, म्हणजे सातात सहा त्यांचे. उरलेल्या एकट्या डेमोक्रॅट जेनिफर ब्रुनर, त्यांची जागा २०२६ ला मतपत्रिकेवर. त्याच २०२६ पासून बेसबॉलमध्ये बॅटर, पिचर किंवा कॅचर स्वतःच्या डोक्यावर थाप मारून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाविरुद्ध अपील करू शकतो. टीमला अशी दोन अपिलं. कॅमेरे क्षणात चेंडूचा मार्ग पडद्यावर दाखवतात, चूक निघाली तर भर स्टेडियममध्ये निर्णय फिरतो आणि खेळ पुढे सुरू.

बाबांना हे भारी आवडलं. "आमच्याकडे सेकंड अपील निकाली निघेपर्यंत वादी वारलेला असायचा," ते म्हणाले, "मग आधी वारस रेकॉर्डवर आणा."