शिल्लक -१,०२०

तक्रार सकाळी आली आणि नेहमीप्रमाणे आधी प्रोग्रामरांकडे गेली. आमच्या गेममधल्या एका खेळाडूचं अख्खं सैन्य रात्रीत उपाशी मेलं होतं. ‘कोठारात धान्य असताना सैनिक मेलेच कसे?’ एवढंच लिहिलं होतं आणि सोबत झोपण्याआधी काढलेला एक स्क्रीनशॉट. दुपारपर्यंत तिघांनी सर्व्हरचे लॉग चाळले. गणितात कुठेच चूक सापडेना. मग कुणीतरी सहज तो स्क्रीनशॉट मला पाठवला, ‘मराठी आहे, वाचून सांग’ म्हणून.

मी ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेमचा मराठी मजकूर करते. लोकांना वाटतं, राजांचे संवाद लिहीत असेन. बहुतेक वेळ जातो तो बटणं आणि लेबलं यांत. एक्सेलची शीट येते, एका ओळीत एक शब्द. तो कुठल्या स्क्रीनवर बसणार, शेजारी काय असणार, काही पत्ता नाही. ‘बॅलन्स’ म्हणजे नक्की कसला, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘संदर्भावरून ठरव.’ अहो, संदर्भच तर मागतेय!

आमच्या खेळात लाकूड, माती, लोखंड आणि धान्य ही चौकडी आहे. ट्रॅव्हियन या ऑनलाइन खेळात २००४ पासून हीच आहे, त्यामुळे या प्रकारचे खेळ खेळणाऱ्यांना ती पाठ असते. या चार शब्दांवर मी जेवढी भांडले तेवढी कशावरच नाही. आधीच्या मजकुरात सगळीकडे ‘संसाधन’ होतं. ‘तुमच्याकडे पुरेशी संसाधने उपलब्ध नाहीत’ असं वाचून कोण गाव बांधायला बसेल? मी ‘माल’ केलं. ‘माल कमी पडतोय.’ झालं.

खरी मारामारी पुढे होती. इंग्रजीत एक वाक्य लिहायचं, मालाच्या नावापुरती जागा रिकामी ठेवायची आणि यंत्राने तिथे हवा तो शब्द टाकायचा, अशी पद्धत. मराठीत तसं केलं की ‘लाकूडची कमतरता’ आणि ‘माती मिळालं’ असले नमुने पडद्यावर येतात. लाकडाची, लोखंडाची, धान्याची. लाकूड मिळालं, पण माती मिळाली. प्रत्येक शब्दाचं सरळ रूप, सामान्यरूप आणि लिंग वेगवेगळं साठवा, हे पटवायला मला तीन आठवडे लागले. ‘एवढं कोण बघतं?’ असं ऐकूनही घेतलं. शेवटी झालं, आणि आजही ‘लाकडाची कमतरता’ नीट उमटलेली दिसली की बरं वाटतं. कोठाराची कपॅसिटी आणि सैनिकाची लूट वाहायची कपॅसिटी यांनाही दोन वेगळे शब्द दिले, ‘मावेल’ आणि ‘ओझं’. इतकी काळजी घेणारी मी.

तर तो स्क्रीनशॉट. वरच्या पट्टीत धान्य ५,१००. त्याखाली बारीक अक्षरात: शिल्लक -१,०२०.

शीटमधल्या त्या ‘बॅलन्स’चं ‘शिल्लक’ मीच केलं होतं. प्रत्यक्षात तो आकडा ताशी हिशोबाचा. शेतात तासाला १,२४० पिकतं, वस्ती आणि सैन्य मिळून २,२६० खातात, म्हणजे दर तासाला १,०२० ने कोठार रिकामं होतंय. पण त्याच स्क्रीनवर आमचीच बाकीची लेबलं ‘पातळी - ७’, ‘सैनिक - ४००’ अशी, मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेली. खेळाडूने वजाचं चिन्हही तशीच रेघ म्हणून वाचलं. धान्य ५,१०० आहे, सैन्याचं खाणं वजा जाता १,०२० शिल्लक राहतंय, सकाळपर्यंत काळजी नाही. मराठी माणूस ‘शिल्लक’ हा शब्द दुसऱ्या कुठल्या अर्थाने वाचणार? तो रात्री अकराला झोपला. पहाटे चारला कोठार रिकामं झालं. मग सैनिक मरायला लागले.

डिझायनर म्हणाला, ‘पण आकडा लाल होता.’ होता. त्या पट्टीवर हल्ल्याची सूचना लाल, कोठार भरल्याची सूचनाही लाल. त्याला मी स्टारक्राफ्टचं उदाहरण दिलं. १९९८चा खेळ, वर कोपऱ्यात तीन आकडे: खनिजं, गॅस आणि सप्लाय. पहिले दोन साठतात आणि खर्च होतात. तिसरा किती सैन्याला जागा आहे ते सांगतो, आणि तो ‘किती पैकी किती’ असाच दाखवतात, म्हणून साठा समजून कुणी फसत नाही. आपण मात्र साठा आणि ताशी फरक एकाखाली एक, एकाच थाटात मांडले. तो म्हणाला, ‘इंग्रजीत तर कुणाची तक्रार नाही.’ तिथे मी गप्प बसले, कारण ते खरं होतं.

मी सुचवलेलं ‘निव्वळ उत्पादन’ मोबाइलच्या चौकटीत मावलं नाही, ‘निव्वळ उ…’ असं तुटलं. शेवटी एका लेबलाऐवजी तीन छोटी मागून घेतली: पिकतं १,२४०, खपतं २,२६०, घटतं १,०२०. आकडा अधिक असला की ‘घटतं’च्या जागी ‘वाढतं’. वजाचं चिन्हच काढून टाकलं. चाचणीवाली मुलगी पहिल्या नजरेत म्हणाली, ‘अगं, पाच तासांत संपेल की हे!’ इतके महिने ती हाच खेळ तपासत होती.

सैन्य परत द्यायला सपोर्टने नकार दिला. नियम असा की गणित चुकलं असेल तरच भरपाई, आणि गणित बरोबर होतं. मी मेल लिहिली, चूक मजकुराची आहे आणि मजकूर माझा आहे. उत्तर आलं नाही. खेळाडूला मात्र ठरलेलं उत्तर गेलं: ‘कृपया आपल्या धान्याच्या शिलकीकडे लक्ष द्यावे.’ तेही मराठीत मीच कधीतरी लिहून ठेवलेलं.

त्या रात्री सगळ्या फायलींत ‘शिल्लक’ शोधलं. चौदा ठिकाणी सापडलं. अकरा दुरुस्त केली. उरलेली तीन कुठल्या स्क्रीनवर दिसतात ते विचारलंय.