तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा रबरासाठी नवा पार्ट नंबर कशाला?

"मॅडम, साइज तीच, खाच तीच, वेंडरही तोच. मग नवा नंबर कशाला?" परचेसवाले विचारतात, डिझाइनमध्ये नव्याने आलेली मुलं विचारतात, ईआरपीचे (कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) कन्सल्टंट विचारतात, आणि वर्षअखेरीला स्टॉक मोजताना प्लांट हेडही विचारतात. त्यापाठोपाठचं वाक्य ठरलेलं असतं: बीओएम (बिल ऑफ मटेरियल, एका वस्तूला लागणाऱ्या भागांची नोंद) म्हणजे शेवटी यादीच ना! घाईघाईत मी जे उत्तर देते त्याने तुमचं समाधान होत नाही, हे मला दिसतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

नंबर वाढले की त्रास वाढतो, हे मला पूर्ण मान्य आहे. नवा नंबर म्हणजे स्टोअरमध्ये नवा बिन (माल ठेवायचा कप्पा), वेगळा दर, वेगळी किमान ऑर्डर, इन्स्पेक्शनचा वेगळा प्लॅन. जुना साठा संपेपर्यंत दोन्ही सांभाळायचे. हे सांभाळणं पीपीसीच्या (उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या विभागाच्या), म्हणजे माझ्याच गळ्यात पडतं. तेव्हा मला नंबर काढायची हौस आहे असं कृपा करून म्हणू नका.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी होते तेव्हाची गोष्ट. नाव सांगणार नाही. तिथे दोन प्रकारचे पंप बनायचे: हायड्रॉलिक तेलाचा गिअर पंप आणि गरम पाण्याचा पंप. दोघांच्या बीओएममध्ये एक ओ-रिंग (जोडातून गळती थांबवणारं रबरी कडं) सामाईक होती, 3.53 मिमी जाडीची, नायट्राइल रबराची. नंबर अर्थातच एक. गरम पाण्यात नायट्राइल कडक होऊन चिरायला लागलं म्हणून डिझाइनने ते बदलून ईपीडीएम हे दुसरं रबर घेतलं. निर्णय अगदी योग्य होता. गरम पाण्याला ईपीडीएमच चांगलं. ड्रॉइंगवर मटेरियल बदललं, रिव्हिजन (ड्रॉइंगची आवृत्ती) पुढे सरकली, नंबर मात्र तोच ठेवला, कारण "साइज कुठे बदलली?" ईसीएनवर (डिझाइन बदलाच्या सूचनेवर) एकाच पंपाचं नाव होतं, पाण्याच्या. 'व्हेअर-यूज्ड' कोणी काढलाच नाही. ती ओ-रिंग आणखी कुठे कुठे लागते, हे त्या एका रिपोर्टमध्ये दिसलं असतं.

आता रबराचं सांगते. नायट्राइलही काळं, ईपीडीएमही काळं. टेबलावर शेजारी ठेवलं तर तुम्हाला किंवा मला फरक ओळखता येणार नाही. पण ईपीडीएम खनिज तेलात गेलं की फुगतं, मऊ पडतं, खाचेबाहेर येऊन कुरतडलं जातं. आणि हे लगेच होत नाही. टेस्ट बेंचवर पंप थोडा वेळच चालतो, तेवढ्यात काहीच दिसत नाही. सगळे पंप पास झाले, रंगवले गेले, रवाना झाले.

मग तक्रारी आल्या. कव्हरच्या जोडातून तेल गळतंय.

मी 'व्हेअर-यूज्ड'ची प्रिंट घेऊन मीटिंगला गेले. एक नंबर आणि त्याखाली दोन पंप, दोन ओळींचा कागद होता तो. तो टेबलावर फिरला आणि माझ्याकडे परत आला. तोवर कारण ठरलेलं होतं: स्टोअरने लॉट (वेगवेगळ्या वेळी आलेला माल) मिसळले. स्टोअरकीपर काका, निवृत्तीला आलेले, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, नंबर एक, बिन एक. मी कुठल्या कागदावरून वेगळं ठेवायचं होतं?" कोणी उत्तर दिलं नाही. तक्रारीच्या तपासाच्या 8डी रिपोर्टमध्ये मूळ कारण म्हणून 'स्टोअरमधील हाताळणी' लिहिलं गेलं आणि उपाय म्हणून 'प्रशिक्षण'. काकांना मेमो मिळाला. पुढच्या गणपतीच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली.

एवढ्यावर भागलं नाही. कुठल्या पंपात कुठली रिंग गेली, हे सांगता येईना. पंप पूर्ण झाला की सिस्टिम बॅकफ्लशने बीओएमप्रमाणे माल वजा करायची, तोही फक्त नंबरावरून. लॉटची नोंद होतच नव्हती. त्यामुळे ईपीडीएमचा पहिला लॉट स्टोअरला आल्यानंतर बनलेला प्रत्येक तेलपंप परत मागवून उघडावा लागला. त्यातल्या कित्येकांत नायट्राइलच निघालं. ते पंप उगाच उघडले गेले.

तेव्हापासून माझा आग्रह असा: नवा भाग जुन्याच्या जागी आणि जुना नव्याच्या जागी, तो भाग जिथे जिथे लागतो त्या प्रत्येक ठिकाणी बेलाशक चालत असेल, तरच नंबर तोच ठेवा आणि रिव्हिजन बदला. एका जागीही चालत नसेल तर नवा नंबर. बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, आलं तेव्हा कोणी कुरकुर केली नव्हती. 1 एप्रिल 2020 ही तारीख सरकारनेच दिली होती, आणि कुठला भाग कधीपासून लागू हे सगळे डोळ्यांत तेल घालून बघत होते. मग रबराच्या बाबतीत ते जड का जातं?

नंतरची काही वर्षं मी याच्याही पुढे गेले होते. स्टिकरची छपाई बदलली, नवा नंबर. खोक्याची जाडी बदलली, नवा नंबर. त्या वेळच्या मला आज मी सांगेन की इतके नंबर झाले की असेंब्लीवरची माणसं पिकलिस्ट (कुठला भाग उचलायचा याची यादी) बघणं सोडून देतात आणि हाताला लागेल ते उचलतात, मग बीओएम कितीही बरोबर असो. पण ती तेव्हाची मी आजच्या मला उलट विचारेल, "आणि काकांना मेमो देणाऱ्यांनी हेच म्हटलं नव्हतं का, की उगाच नंबर नकोत?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

आणि माझा नियम सगळीकडे पुरतो असंही नाही. पिवळ्या पॅसिव्हेशनचा (गंजरोधक लेपाचा) बोल्ट घ्या. त्या पिवळ्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम हे विषारी रसायन असतं. ते नसलेला पांढरा बोल्ट तितकाच घट्ट बसतो, तितकाच भार घेतो. इथल्या गिऱ्हाइकाला दोन्ही चालतात. पण 1 जुलै 2007 नंतर युरोपात विकायच्या नव्या गाड्यांवर असा पिवळा लेप चालत नाही. म्हणजे पांढरा पिवळ्याच्या जागी चालतो, पिवळा मात्र पांढऱ्याच्या जागी प्रत्येक वेळी चालत नाही. माझ्या नियमाने दोन नंबर हवेत. डिझाइन हेड म्हणतात, सरसकट पांढराच घ्या, नंबर एकच राहील. परचेस म्हणतं, गोदामात पडलेल्या पिवळ्यांचं काय करायचं? मी दोन नंबरांची ईसीएन टाकली आहे. तिच्यावर अजून सही झालेली नाही, आणि डिझाइन हेडचं म्हणणं मला पूर्ण खोडताही आलेलं नाही.