नवं रिव्हॉल्व्हर आणि गोळ्यांची खरेदी

घेतलं एकदाचं. रुगरचं जीपी१००, .३५७ मॅग्नम, चार इंचाच्या आसपास नळी, सहा गोळ्यांचं. ह्यूस्टनच्या या बाजूला राहून सोळा वर्षं झाली, शेजारीपाजारी सगळ्यांकडे काही ना काही आहेच, पण मला ते भीतीपोटी नको होतं, नेमबाजी परत सुरू करायची होती. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टूटूची रायफल चालवलेली, झोपून, आणि ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या कागदावर जवळजवळ लागणं, बरं यायचं म्हणून थोडी मिजासही होती. आईला फोनवर सांगितलं तर पलीकडे जरा वेळ शांतता, मग म्हणते, "अगं, म्हणजे खंडेनवमीला आता विळी-कात्रीच्या शेजारी ते पण मांडणार का?"

तर मुद्दा गोळ्यांचा. दुकानात काउंटरवरच्या मुलाने विचारलं कुठल्या देऊ, मी म्हटलं यात जातात त्या दे. बंदुकीवर .३५७ मॅग्नम लिहिलंय, बॉक्सवर .३५७ मॅग्नम लिहिलंय, झालं की. ५० ची बॉक्स घेऊन तशीच रेंजवर गेले.

पहिली गोळी सुटली आणि मला वाटलं काहीतरी फुटलं. आवाज कानावरच्या मफ्समधून छातीत उतरला, समोर हा एवढा जाळ, आणि इनडोअर रेंज असल्यामुळे शेजारच्या लेनमधला माणूसपण वळून बघायला लागला. तिसऱ्या गोळीपर्यंत मी ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटत होते. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजवताना लहान मुलं करतात ना, हात लांब आणि मान मागे, तसंच. १८ गोळ्या मारल्या, कागदावर भोकं मोजली तर ११.

रेंजवरच्या एका म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरने हे सगळं बघितलं असणार, कारण तो स्वतःहून आला. त्याने सिलिंडरमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या चक्रात, चार गोळ्या आणि मधेमधे दोन रिकाम्या पुंगळ्या (गोळी उडाल्यावर मागे राहणारी पितळी नळकांडी) घातल्या, मला कळू न देता फिरवून बंद केलं आणि म्हणाला मार. रिकाम्या पुंगळीवर हॅमर पडला तेव्हा बार झालाच नाही, पण नळी मात्र गपकन खाली गेली, अंधारात शेवटची पायरी चुकल्यावर पाय जातो तशी. म्हणजे धक्का यायच्या आधीच मी धक्क्याशी कुस्ती खेळत होते. तो एवढंच म्हणाला की मॅग्नम ठेव बाजूला आणि .३८ आण.

हे मला खरंच माहीत नव्हतं की .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल बिनदिक्कत चालते. नावात .३८ असलं तरी गोळीची जाडी दोन्हींची सारखीच, .३५७ इंच, ते ३८ जुन्या काळच्या पुंगळीच्या मापावरून चिकटलेलं नाव आहे. .३८ स्पेशल १८९८ च्या सुमाराची, मॅग्नम १९३५ ची, आणि मॅग्नमची पुंगळी मुद्दाम साधारण अष्टमांश इंच लांब केली, म्हणजे ती जुन्या .३८ च्या बंदुकीत बसूच नये. त्यामुळे उलटं करायचं नाही, .३८ च्या बंदुकीत मॅग्नम कधीच नाही. फरक केवढा, तर त्याच १५८ ग्रेनची, म्हणजे दहा ग्रॅमची गोळी साध्या .३८ मधून सेकंदाला साडेसातशे फुटांच्या आसपास जाते आणि मॅग्नममधून १२०० च्या वर. आणि माझं रिव्हॉल्व्हर आहे किलोच्या वर वजनाचं, त्यात .३८ म्हणजे अगदी गरीब गाय.

मग .३८ मध्ये परत प्रकार. १३० ग्रेनची तांब्याच्या आवरणाची मिळते, १५८ ची उघड्या शिशाची मिळते, आणि १४८ ची वॉडकटर म्हणून एक, ती मला सगळ्यात आवडली. तिला टोकच नसतं, पुढून सपाट, पुंगळीत जवळजवळ पूर्ण बुडालेली, आणि कागदाला पंचिंग मशीनने पाडावं तसं गोल स्वच्छ भोक पाडते, धक्का तर नावालाच. पण सपाट तोंडामुळे भरताना कडेला अडकते आणि महागही पडते, म्हणून ती महिन्यातून एखादी बॉक्स. नेहमीसाठी १३० ची आवरणवाली, कारण घरात सात वर्षांचा मुलगा आहे आणि बंद रेंजमध्ये उघड्या शिशाचा धूर मला नको. आवरण असलं तरी शिसं पूर्ण टळत नाही म्हणा, पुंगळीच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या प्रायमरमध्येपण असतंच, म्हणून रेंजवरच साबणाने हात-तोंड धुवायचं, घरी आल्याआल्या कपडे मशीनमध्ये, मग पोराला जवळ घ्यायचं.

अजून एक, दर वेळी वेगळी गोळी आणली तर नेम चुकला की गोळी वेगळी लागली हे कळतच नाही. जड गोळी सावकाश निघते, तोवर नळी धक्क्याने उचललेली असते, म्हणून ती कागदावर हलकीपेक्षा वर लागते. मी आधी सेलमध्ये दिसेल ती उचलायचे, आणि साइट्स उगाच खालीवर करत बसायचे.

पैशाचं म्हणाल तर .३८ स्वस्त नाही. मी बघते तेव्हा ५० ची बॉक्स पंचवीस डॉलरच्या आसपास असते आणि ऑफिसातला मित्र नाइन एमएमची पंधराला आणून वर मलाच हसतो. एके काळी इथल्या पोलिसांच्या कमरेला .३८ च असायची, आता बहुतेक नाइन एमएमवर गेले, कारखान्यांत ढिगाने तीच निघते. पण रिव्हॉल्व्हर पुंगळ्या इकडेतिकडे उडवत नाही, सगळ्या हातात येतात, त्या मी बरणीत साठवतेय, रीलोडिंग, म्हणजे पुंगळ्या घरी परत भरणं, शिकले तर उपयोगी. नवरा विचारतो लोणच्याची बरणी कुठे गेली.

रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी छताकडे धरून दांडा एकदाच जोरात दाबायचा, नाहीतर न जळलेल्या दारूचे कण स्टारखाली, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली, अडकतात आणि सिलिंडर घट्ट होतो, मी हळूहळू दाबायचे, दोनदा झालं. आणि .३८ आखूड असल्यामुळे चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या गोळीच्या भोकात, पुढे काजळीचं एक कडं बसतं, ते ब्रशने काढलं नाही तर नंतर मॅग्नम आत नीट जात नाही.

मॅग्नमच्या उरलेल्या गोळ्या अजून लॉकरच्या वरच्या कप्प्यात आहेत. गेल्या शनिवारी शेवटच्या सहा म्हणून त्यातल्या दोन .३८ मध्ये मिसळून मुलीकडून, म्हणजे मैत्रिणीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून, न बघता भरून घ्याव्यात असं मनात आलं होतं, पण ती म्हणाली मावशी, आधी त्या रिकाम्या पुंगळ्यांवर नळी खाली जायची थांबू दे. त्या दिवशीही सहातून एकदा गेलीच होती.