सीमाभागातून सॉफ्टवेअरकडे: आधी कागद, मग ब्रँच

पीयूसीचा (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचा) निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरोघरी एकच प्रश्न असतो: कॉम्प्युटर सायन्स मिळेल काय? प्रवेशाची ही वाट मी आधी स्वतःसाठी चाललो, नंतर गल्लीतल्या मुलांचे अर्ज भरताना पुन्हा पुन्हा चाललो. माझं मत असं, की हा प्रश्न नंतर विचारावा. पहिला प्रश्न म्हणजे कर्नाटकाच्या दारातून जायचं की महाराष्ट्राच्या? सीमाभागातल्या मराठी मुलाला दोन्ही दारं उघडी आहेत, पण दोन्हीकडं वेगवेगळे कागद मागतात, आणि निकालानंतरच्या गर्दीत ते वेळेवर हातात पडत नाहीत.

कर्नाटकाचं दार म्हणजे केईएची, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची, सीईटी ही प्रवेश परीक्षा. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, प्रत्येकी ६० प्रश्न, ६० गुण आणि ८० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. रँक निघते ती निम्मी सीईटीवर आणि निम्मी दुसऱ्या पीयूसीच्या (बारावीच्या) पीसीएमवर, म्हणजे याच तीन विषयांच्या गुणांवर. कागद-पेन्सिल घेऊन एकदा हिशेब करून बघा. बोर्डाच्या ३०० गुणांचे ५० होतात, सीईटीच्या १८० चेही ५० च होतात. म्हणजे बोर्डाचा एक गुण ०.१७ ला पडतो आणि सीईटीचा ०.२८ ला. बोर्डात २४० आणि सीईटीत ९० असतील तर ४० अधिक २५, एकूण ६५. सीईटीत २० गुण वाढले तर बेरीज साडेपाचानं वर जाते. तेच २० बोर्डात वाढले तर जेमतेम सव्वातीननं. बोर्डाच्या परीक्षेनंतर सीईटीपर्यंत जे दिवस मिळतात, त्यांची किंमत या हिशेबात दिसते.

आता कागद. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागासवर्गीय आरक्षणाच्या प्रवर्गात येतो. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढायचा. त्यावर आरडीनं सुरू होणारा नंबर असतो, तोच अर्जात भरावा लागतो. दाखला मुलाच्याच नावावर हवा, वडिलांच्या नावाचा पुढं करू नका. तो कन्नडमध्ये छापून येतो, म्हणून कन्नड वाचणाऱ्या कुणाकडून तरी नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव दहावीच्या मार्क्स कार्डाशी जुळतंय का ते तिथंच तपासून घ्यावं. पाटील, जाधव यांना अडचण येत नाही. जोडाक्षरांची आडनावं मात्र इंग्रजीतून कन्नडमध्ये जाताना बिघडू शकतात, आणि दुरुस्तीला पुन्हा रांग लावावी लागते.

ग्रामीण कोटा १५ टक्के आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथंच. राहतं घर खेड्यात आहे म्हणून तो मिळत नाही. पहिली ते दहावी अशी दहाही वर्षं कर्नाटकातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली असावी लागतात. येळ्ळूरचा किंवा उचगावचा मुलगा आठवीपासून बसनं बेळगाव शहरातल्या हायस्कूलला गेला, की कोटा गेला. शाळेच्या दाखल्यावर हेडमास्तरांच्या सहीबरोबर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही लागते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हेडमास्तर गाठणं हे वेगळंच काम. कन्नड माध्यमाचा ५ टक्के कोटा मराठी माध्यमाला लागू नाही, त्याच्या मागं लागू नका. मामाच्या गावी, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, काही वर्षं शिकलेल्यांनी आणखी एक मोजणी करावी: सर्वसाधारण नियमानं कर्नाटकात एकूण सात वर्षांचं शिक्षण आणि दहावी किंवा बारावी इथूनच पास असावी लागते. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर एसएनक्यूची (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या जादा जागांची) मागणी अर्जातच करून ठेवा, कारण त्या सीटला ट्यूशन फी माफ असते.

महाराष्ट्राचं दार म्हणजे एमएचटी-सीईटी. कॉम्प्युटरवर १८० मिनिटांत १५० प्रश्न, एकूण २०० गुण. मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे निम्मा पेपर मॅथ्सचा, आणि तो इंग्रजीतच असतो. फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून देता येतं, पण दोन वर्षं पीयूसी इंग्रजीतून करून ऐनवेळी ‘संवेग’ आणि ‘त्वरण’ वाचत बसण्यात अर्थ नाही. इथंही चुकीला गुण कापत नाहीत. बोर्डाचे गुण पात्रतेपुरते लागतात. यादी पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागं आहेत त्यावर, लागते. त्यामुळं बोर्डात घसरलेल्या पण मॅथ्स पक्कं असलेल्या मुलाला हे दार जास्त सोयीचं.

या अर्जात आपल्यासाठी खास खाना आहे, तो म्हणजे ‘टाईप ई’. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी झालेले, मातृभाषा मराठी असलेले विद्यार्थी यात बसतात. दोन्ही गोष्टींचे दाखले ठरलेल्या नमुन्यातच लागतात. साध्या लेटरहेडवर लिहून आणलेलं चालत नाही. हा खाना न बघता परराज्यातला म्हणून अर्ज भरला, तर सांगलीचं वालचंद किंवा इचलकरंजीचं डीकेटीई उगाच लांब जातं. कर्नाटकाचा ३बी दाखला मात्र तिकडं चालत नाही.

देशपातळीवरची जेईई देणाऱ्यांसाठी एवढंच: एनआयटी या केंद्राच्या कॉलेजांत होम स्टेट (ज्या राज्याच्या मुलांना तिथं वेगळा वाटा असतो ते) ठरतं ते बारावी कुठल्या राज्यातून पास झालात त्यावरून. बेळगावात पीयूसी केली तर सुरतकल, कोल्हापुरात बारावी केली तर नागपूर. अकरावीला कॉलेज बदलण्याआधी याचा विचार करावा.

आता ब्रँच. कॉम्प्युटर सायन्स, इन्फॉर्मेशन सायन्स, एआय-एमएल, डेटा सायन्स या नावांवरून घरात भांडणं होतात, ती व्यर्थ आहेत. व्हीटीयूचा (बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा) अभ्यासक्रम डाउनलोड करून तिसरं आणि चौथं सेमिस्टर शेजारी-शेजारी ठेवा. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, जावा, अल्गोरिदम्स, डेटाबेस हे सगळीकडं जवळपास तेच. फरक पुढच्या इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे निवडीच्या विषयांत. मुलाखतीत विचारतात तेही याच विषयांतलं. म्हणून दूरच्या साध्या कॉलेजातल्या ‘कॉम्प्युटर सायन्स’ या नावासाठी जवळच्या चांगल्या कॉलेजातलं इन्फॉर्मेशन सायन्स सोडू नये. इलेक्ट्रॉनिक्समधूनही सॉफ्टवेअरला जाता येतं, पण डेटाबेस आणि अल्गोरिदम्स स्वतःच शिकायची तयारी हवी.

कॉलेज बघताना नॅकची श्रेणी बघून थांबू नका; ती संपूर्ण कॉलेजला असते. एनबीएची मान्यता एकेका ब्रँचला मिळते, ती आपल्या ब्रँचला आहे का ते विचारा. गोगटे इन्स्टिट्यूटसारखं ऑटोनॉमस कॉलेज अभ्यासक्रम आणि पेपर स्वतः ठरवतं, पदवी व्हीटीयूची. ऑटोनॉमस नसेल तर पेपर विद्यापीठाचा: ५० गुण अंतर्गत, ५० सेमिस्टर परीक्षेचे, अंतर्गतमध्ये २० मिळाले नाहीत तर परीक्षेलाच बसता येत नाही. मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या वर्षी इंग्रजीला घाबरतात, पण खरी अडचण येते तिसऱ्या सेमिस्टरला. तिथं डेटा स्ट्रक्चर्स सी या प्रोग्रामिंग भाषेतून शिकवतात, आणि ज्याचे पॉइंटर्स कच्चे त्याची लिंक्ड लिस्ट कधी जुळत नाही. पहिल्या वर्षाचं सी पाठ करून पास होण्याची किंमत तिथं मोजावी लागते.

पीसीएम नसलेल्यांना राणी चन्नम्मा विद्यापीठाचं बीसीए आहे. २०२४-२५ पासून ते पुन्हा तीन वर्षांचं झालंय. पुढं एमसीए दोन वर्षं, एकूण पाच. बीईपेक्षा एक वर्ष जास्त, पण खर्च बराच कमी. दहावीनंतर डिप्लोमा करून डीसीईटी या प्रवेश परीक्षेनं थेट बीईच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथंही बहुतेक जण अडकतात ते मॅथ्समध्ये. वाट कुठलीही धरा, बऱ्याच कंपन्या दहावीपासून सगळीकडं ६० टक्के मागतात.

शेवटचं काम ऑप्शन एंट्री, म्हणजे कॉलेज आणि ब्रँचची पसंतीची यादी भरणं. केईए मागच्या वर्षीच्या कटऑफ रँका देतं. त्यात जीएम म्हणजे जनरल, ३बीजी म्हणजे ३बी, ३बीआर म्हणजे ३बी ग्रामीण. आपल्या रकान्यातली शेवटच्या फेरीची रँक बघा. मग यादी आवडीच्या क्रमानं लावा, ‘मिळेल’ त्या क्रमानं नव्हे; वरचा ऑप्शन मिळाला नाही म्हणून खालचा बुडत नाही. उलट, खालचं कॉलेज चुकून वर ठेवलं तर तेच गळ्यात पडतं. आणि जिथं जाणारच नाही ते यादीत घालू नका. मॉक अलॉटमेंटनंतर (खऱ्या फेरीआधीच्या नमुना वाटपानंतर) क्रम बदलायला वेळ मिळतो, तो वापरा.

सीट लागली की चार चॉइस असतात. पहिला, सीट घेतली आणि संपलं. दुसरा, ही हातात ठेवून पुढच्या फेरीत. तिसरा, ही सोडून पुढच्या फेरीत. चौथा, बाहेर. बहुतेकांना दुसरा बरा वाटतो, आणि तो बराही आहे. फक्त पुढच्या फेरीत वरचं कॉलेज लागलं की आधीची सीट आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. त्यामुळं दुसरा चॉइस देण्याआधी आताच्या सीटच्या वर असलेला प्रत्येक ऑप्शन पुन्हा वाचा आणि नको असलेला काढून टाका.