२२ सप्टेंबरची रिलीज: दर तयार, टेबल अडकलेलं

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेने नवे दर जाहीर केले. लागू होण्याची तारीख २२ सप्टेंबर, सोमवार, नेमकी घटस्थापना. एरवी रिलीज पुढे ढकलता येते, ही येणार नव्हती. आमचं बिलिंग किराणा, कपडे आणि औषधांच्या दुकानांत चालतं. डेटाबेस पोस्टग्रेस १४, सर्व्हर लिनक्सवर, घड्याळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे.

पहिली सूचना अर्थातच आली: ‘जिथे १२ आहे तिथे ५ करा, २८ च्या जागी १८.’ एका अपडेटचं काम वाटतं, पण दर स्लॅबप्रमाणे हललेच नाहीत. टूथपेस्ट आणि केसांचं तेल १८ वरून थेट ५ वर आलं. कपडे धुण्याची पावडर १८ वरच राहिली. शाळेची वही १२ वरून शून्यावर. कपड्यांत तर दर नगाच्या किमतीवर ठरतो: २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८. आधी ही मर्यादा १,००० होती, वरचा दर १२ होता, आणि तो १,००० चा आकडा थेट कोडमध्ये लिहिलेला होता. म्हणून एचएसएनप्रमाणे (मालाच्या वर्गीकरणाचा कोड) दरगट केले, किमतीची मर्यादा डेटात आणली आणि प्रत्येक दराला तारखांची रेंज दिली: १ जुलै २०१७ पासून २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत, शेवटची तारीख वगळून, नवी रेंज २२ पासून पुढे खुली. दोन रेंज एकमेकींवर चढू नयेत म्हणून टेबलावर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट घातला. त्यासाठी बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन लागतं. हे सगळं आठवडाभर आधीच दुकानांच्या काउंटरवर पाठवता आलं, कारण जुना आणि नवा दर एकाच टेबलात शेजारी राहतात आणि बिलाची तारीख आपला दर निवडते. नेट नसलेलं काउंटरही मध्यरात्री बरोबर बदलतं.

राहिलं एकच काम: आयटम मास्टरला ‘दरगट’ हा कॉलम जोडणं. स्क्रिप्ट प्रॉडक्ट टीमकडून आली होती आणि स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, क्षणात धावली होती. यात नवल नाही. पोस्टग्रेस ११ पासून स्थिर डीफॉल्टसह कॉलम जोडताना टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, फक्त कॅटलॉगमध्ये नोंद होते. मोठं टेबलही मिलिसेकंदांत होतं. पण लॉक, म्हणजे टेबलावरचा ताबा, मिळाला तर.

रविवारी रात्री साडेदहाला स्क्रिप्ट सुरू केली आणि मिनिटाभरात काउंटर गोठले. सीपीयू जवळपास शून्य, डिस्क शांत, लोड नाही. सर्व्हर निवांत आणि ग्राहक ओरडतोय, हे चित्र दिसलं की आधी लॉक बघायचे. चालू सेशन दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये ओळींमागून ओळी, सगळ्यांचा वेट इव्हेंट प्रकार ‘लॉक’. कनेक्शनची मर्यादा १०० ची होती, ती भरली. आत जाता आलं ते सुपरयूजरसाठी राखीव असलेल्या तीन जागांमुळे.

कोण कोणाला अडवतंय ते सांगणारं पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन प्रत्येक अडकलेल्या पिडला (प्रोसेस क्रमांकाला) लावलं. सगळ्या सिलेक्ट, म्हणजे वाचणाऱ्या क्वेरी, आमच्या ऑल्टरकडे, म्हणजे कॉलम जोडणाऱ्या आज्ञेकडे, बोट दाखवत होत्या. ऑल्टर बोट दाखवत होती एका सेशनकडे, ज्याची स्थिती होती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. कोणीतरी दुपारी ग्राफिकल क्लायंटमधून स्टॉकचा रिपोर्ट काढला होता, ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीनंतर आपोआप कमिट) बंद ठेवून. क्वेरी केव्हाच संपली, ट्रान्झॅक्शन उघडीच. साध्या सिलेक्टने घेतलेला ॲक्सेस शेअर लॉकही कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत सुटत नाही.

तो लॉक एकटा निरुपद्रवी असतो. दुपारपासून कोणाला जाणवलाही नव्हता. ऑल्टर मागते ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह, जो कोणाशीच जुळत नाही, म्हणून ती रांगेत थांबते. आणि तिच्यामागून येणाऱ्या सिलेक्टही थांबतात, जरी पुढे धरलेल्या लॉकशी त्यांचं काहीच भांडण नसलं तरी. घाटात एक ट्रेलर पूर्ण रस्ता मागत उभा राहिला की मागच्या दुचाकीही जातात कुठे?

अशा वेळी आधी आपलीच ऑल्टर रद्द करायची, पीजी_कॅन्सल_बॅकएंडने. पोस्टग्रेसमध्ये डीडीएलही (टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञा) ट्रान्झॅक्शनमध्ये असतं, त्यामुळे अर्धवट काही उरत नाही आणि रांग तत्क्षणी मोकळी होते. तशीच झाली. मग त्या झोपलेल्या सेशनचा समाचार. त्याला कॅन्सल लागू पडत नाही, कारण रद्द करायला चालू क्वेरीच नाही, पीजी_टर्मिनेट_बॅकएंड लागतं. घाईत कोणी शेलमधून किल वजा नऊ (प्रोसेस जबरदस्तीने मारणं) सुचवतं, ते करू नये: एक बॅकएंड, म्हणजे एका कनेक्शनची प्रोसेस, तसा मेला की पोस्टमास्टर, म्हणजे पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस, सगळी कनेक्शनं तोडून क्रॅश रिकव्हरीत जातो.

दुसऱ्या फेरीत स्क्रिप्ट बदलून घेतली. सुरुवातीला लॉक टाइमआउट २ सेकंद. न मिळाल्यास माघार, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न. काउंटरला जास्तीत जास्त दोन सेकंदांचा झटका, एवढीच किंमत. ऑल्टर स्वतःच्या वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये. कॉलम भरण्याचं अपडेट ५,००० ओळींच्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर कमिट. इंडेक्स ‘कन्करंटली’ (टेबलावर लिहिणं न थांबवता), जो ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालतच नाही, म्हणून मायग्रेशन टूलचं आपोआप ट्रान्झॅक्शन त्या फाइलपुरतं बंद. तो अर्ध्यावर फसला तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे राहतो, लिहिताना भार टाकतो आणि वाचताना कामाला येत नाही. तो पाडून पुन्हा करावा लागतो. रिपोर्ट काढणाऱ्या यूजरला आयडल इन ट्रान्झॅक्शन टाइमआउट ५ मिनिटं लावला. याचं डीफॉल्ट शून्य, म्हणजे अनंत काळ.

मध्यरात्रीचा सापळा तालमीतच सापडला होता. घड्याळ यूटीसीमध्ये असल्याने डेटाबेसची ‘आजची तारीख’ आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. तोवर रुग्णालयाशेजारच्या रात्रभर चालणाऱ्या मेडिकलमध्ये १२ नेच बिलं फाटली असती, जेव्हा बहुतेक औषधं ५ वर आलेली. त्यामुळे बिलाची तारीख ‘एशिया/कोलकाता’ या पूर्ण नावाने काढली. ‘आयएसटी’ लिहू नका. पोस्टग्रेसच्या डीफॉल्ट यादीत तो इस्रायलचा वेळ आहे.

बाराला मेडिकलचं पहिलं बिल ५ ने आलं. सकाळी २२ तारखेच्या बिलांत १२ टक्क्यांच्या ओळी शोधणारी क्वेरी चालवली, तर काही निघाल्या. सगळ्या क्रेडिट नोट: २२ च्या आधी विकलेला माल परत आला होता, आणि परतीला मूळ बिलाचाच दर लागतो. क्वेरीत दस्तऐवजाचा प्रकार जोडला, मग यादी रिकामी आली.